गहाणवटीचा प्रांत : वऱ्हाड

‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण मराठी मुलखात सर्वत्र ठाऊक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन आणि तिच्यात फुटलेला कापूस ज्याने एकदा पाहिला त्याला या म्हणीचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. परंतु सोन्याची झाली तरी ती कुऱ्हाडच. तिचा दांडा ज्याच्या हाती असेल त्यालाच तिचा उपयोग. वऱ्हाडचा गेल्या चार शतकांचा इतिहास पाहिला तर हा दांडा वऱ्हाडकरांच्या हाती क्वचितच होता असे दिसते. हा प्रांत कधी तहात दिला गेला, कधी दोन सत्तांनी वाटून खाल्ला, कधी सावकाराला लावून देण्यात आला, कधी फौजेच्या पगारापोटी तारण पडला आणि अखेरीस कायमच्या पट्ट्याने दिला गेला. या प्रत्येक व्यवहाराचा रीतसर कागद झाला. त्या कागदांवर बादशहा, निजाम, भोसले, कंपनी सरकार अशा अनेकांचे शिक्के उमटले. प्रत्यक्ष तेथे राहणाऱ्या माणसांची संमती मात्र कोणालाही आवश्यक वाटली नाही.

आजचे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे म्हणजे स्थूलमानाने जुना वऱ्हाड प्रांत होय. उत्तरेस सातपुड्यातील मेळघाट, पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस पैनगंगा आणि पश्चिमेस खानदेश अशा त्याच्या सीमा. पूर्णेच्या सखल खोऱ्याला पाईनघाट म्हणत आणि अजिंठ्याच्या रांगेवरील पठाराला बालाघाट. बहामनी राज्याचे जे चार मोठे तरफ होते त्यांपैकी वऱ्हाड हा एक. कोणताही तरफदार फार प्रबळ होऊ नये म्हणून वजीर महमूद गवान याने प्रत्येक तरफाचे दोन भाग केले, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन विभाग पडले. तथापि त्या उपायाने राज्य फुटावयाचे टळले नाही. १४९० च्या सुमारास फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने वऱ्हाडात स्वतंत्र इमादशाही उभी केली. अचलपूर, म्हणजेच एलिचपूर, हे तिचे मुख्य ठाणे. गाविलगड आणि नरनाळा हे तिचे आधार. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती घशात घातली. पुढे बावीस वर्षांनी, १५९६ मध्ये, मोगलांनी अहमदनगरला वेढा दिला असता तो उठविण्याची किंमत म्हणून चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना देऊन टाकले. एका शहराच्या बचावासाठी एक संपूर्ण प्रांत हातावेगळा झाला, आणि वऱ्हाड प्रथमच दिल्ली-आग्र्याच्या साम्राज्याचा सुभा बनले.

मोगलांची कारभाराची पद्धत ठरलेली होती. सुभ्यावर सुभेदार, महसुलावर दिवाण. सुभ्याचे भाग म्हणजे सरकारे, सरकारांचे भाग म्हणजे परगणे. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची आणि त्यांच्या महसुलाची नोंद आहे. अकबराचा पुत्र मुराद याने बाळापूरजवळ शहापूर वसविले, आणि बाळापूर हे मोगल अंमलाचे महत्त्वाचे ठाणे झाले. तथापि बादशाही कारभार परगण्यापर्यंत येऊन थांबे. त्याखाली परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-पटवारी यांचे वतनी राज्य होते. कोणत्या शेतात काय पिकते, कोणाकडून किती वसूल होईल, कोणते गाव ओस पडले आहे, हे या वतनदारांनाच ठाऊक. सुभेदार येत आणि जात. देशमुखाची वही मात्र पिढ्यानुपिढ्या चालू राही. पुढे वऱ्हाडवर ज्यांचा ज्यांचा अंमल आला त्या सर्वांना आरंभी या वहीचाच आधार घ्यावा लागला.

अठराव्या शतकात या वहीत एक नवे नाव चढले. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून शाहू छत्रपतींसाठी दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा आणि सरदेशमुखी म्हणजे त्यावर शेकडा दहा. वऱ्हाड हा त्या सहा सुभ्यांपैकी एक. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७२४ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे निजामुल्मुल्कने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि दक्षिणेत आपला स्वतंत्र अंमल बसविला. हैदराबादच्या राज्याची मुहूर्तमेढ अशा रीतीने वऱ्हाडच्याच भूमीवर रोवली गेली. आता सुभा निजामाचा, पण चौथाई मराठ्यांची. आणि ती वसूल करणारे नागपूरकर भोसले. एकाच परगण्यात निजामाचा आमील बसे आणि भोसल्यांचा कमाविसदारही बसे. या व्यवस्थेला दोअमली असे नाव पडले. कुणब्याने एका शेताचा सारा दोन धन्यांना भरावयाचा आणि दोघांत बिनसले की दोघांचीही फौज आपल्या शेतातून जाताना पाहावयाची, असा तिचा व्यवहारातील अर्थ होता. गंमत अशी की इंग्रज लोक त्या काळी नागपूरच्या भोसल्यांना ‘बेरारचा राजा’ म्हणत. ज्या प्रांताचे नाव त्यांना चिकटले त्या प्रांताचा सुभेदार निराळाच होता.

ही दोअमली शस्त्राने तुटली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्याभोवतालचा प्रदेश एवढाच भोसल्यांकडे उरला. १८२२ च्या तहाने तोही निजामाकडे गेला आणि चौथाईचा प्रश्न कायमचा मिटला. वर्धा नदी ही सरहद्द झाली. तिच्या दोन्ही तीरांवर मराठीच बोलली जाई, नातीगोतीही दोन्ही तीरांवर पसरलेली होती. पण कारभाराच्या दृष्टीने पूर्वेकडे नागपूर आणि पश्चिमेकडे हैदराबाद अशी दोन जगे निर्माण झाली.

एकच धनी झाल्याने रयतेला स्वास्थ्य लाभावयास हवे होते. तसे घडले नाही. हैदराबादचा खजिना रिकामा होता. त्याचे एक मोठे कारण म्हणजे ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज. तिचे अधिकारी इंग्रज, तिच्यावर हुकमत रेसिडेंटची आणि पगार मात्र निजामाचा. हा पगार भागविण्यासाठी दिवाण चंदुलाल सावकारांकडे हात पसरीत आणि सावकार त्या मोबदल्यात मुलूख मागत. पामर आणि कंपनी या पेढीचे व्यवहार तर इंग्लंडपर्यंत गाजले. वऱ्हाडचा मोठा भाग प्रथम पुरणमल या सावकाराकडे इजाऱ्याने होता. १८३९ मध्ये रेसिडेंटच्या दडपणामुळे त्याला तो सोडावा लागला. १८४१ मध्ये पेस्तनजी या पारशी पेढीने दिलेल्या कर्जापोटी तिला वऱ्हाडचा महसूल लावून देण्यात आला. वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईकडे प्रथम पाठविण्याचे श्रेयही याच पेढीला दिले जाते. १८४३ मध्ये चंदुलालने दिवाणगिरी सोडली आणि १८४५ मध्ये पेस्तनजीलाही वऱ्हाडचे परगणे परत करावे लागले. इजारदाराची नजर मुदतीवर असते. आपल्या मुदतीत रक्कम व्याजासह बाहेर काढणे हाच त्याचा धर्म. विहीर बांधणे, ओस गाव वसविणे, दुष्काळात सूट देणे यांत त्याला लाभ नसतो.

आणि मग सर्वांत मोठा सावकार पुढे झाला. कंटिंजंटचा पगार थकला म्हणजे कंपनी सरकार तो आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. १८५३ पर्यंत ही बाकी पन्नास लाखांच्या घरात गेली. लॉर्ड डलहौसीने कर्जफेडीचा तगादा लाविला आणि त्याच वर्षी २१ मे रोजी नवा तह झाला. वऱ्हाड, धाराशिवचा भाग आणि रायचूरचा दुआब हे प्रदेश ब्रिटिश रेसिडेंटच्या ताब्यात द्यावयाचे, त्यांच्या उत्पन्नातून कंटिंजंटचा खर्च, कर्जावरील शेकडा सहा व्याज आणि काही नेमणुका भागवावयाच्या, दरसाल हिशेब द्यावयाचा आणि शिल्लक निजामाकडे पाठवावयाची, अशा त्याच्या अटी होत्या. सार्वभौमत्व निजामाचे राहिले, कारभार कंपनीचा झाला. सरकारी कागदात या मुलखाला ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ म्हणजे हैदराबादने लावून दिलेले जिल्हे असे नाव मिळाले. प्रांताच्या नावातच त्याच्या गहाणवटीची नोंद झाली.

१८५७ च्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या पाठीशी राहिले. त्याची भरपाई म्हणून १८६० च्या डिसेंबरात दुसरा तह झाला. पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. कर्ज फिटल्यावर गहाण सुटावयास हवे. पण वऱ्हाड सुटले नाही. फौजेच्या खर्चासाठी ते विश्वस्त या नात्याने इंग्रजांनी ठेवून घेतले. शिवाय नवी अट अशी, की कारभारावर किती खर्च करावयाचा हे इंग्रज सरकार स्वतःच्या मर्जीने ठरवील आणि निजामाने हिशेब मागावयाचा नाही. या एका कलमाने पुढील चाळीस वर्षे सर जंग—म्हणजे हैदराबादचे कर्तबगार दिवाण सालारजंग—आणि त्यांच्या मागून आलेले मुत्सद्दी अस्वस्थ राहिले. १८७६ मध्ये सालारजंग इंग्लंडला गेले असता तेथेही वऱ्हाडच्या परतीचा विषय त्यांनी सोडला नाही. १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. वऱ्हाड होते तेथेच राहिले.

हिशेबाचा हा वाद वरच्या पातळीवर चालू असता खाली गावात मोठी उलथापालथ होत होती. १८६१ पासून वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. साखळीने शेत मोजावयाचे, त्याला सर्व्हे नंबर द्यावयाचा, मातीची खोली आणि प्रत पाहून आकार ठरवावयाचा, आणि तो तीस वर्षे कायम ठेवावयाचा. शेतकऱ्याने सारा थेट सरकारला भरावयाचा. ही रयतवारी होय. वर्धेच्या पलीकडे नागपूर प्रांतात मात्र मालगुजार हा मध्यस्थ कायम झाला. एकाच भाषेच्या दोन तीरांवर जमिनीची दोन निराळी नाती अशी निर्माण झाली. देशमुख-देशपांड्यांची वही सरकारला आता नको होती. त्यांना नेमणुका देऊन कामावरून दूर करण्यात आले. त्यांची जागा तहसीलदाराने घेतली आणि त्याच्यावर डेप्युटी कमिशनर आला. सर आल्फ्रेड लायल हा पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर. त्याने १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले. प्रांताचे पुढे अमरावती, एलिचपूर, वणी, अकोला, बुलढाणा आणि वाशीम असे सहा जिल्हे पाडण्यात आले.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात तिकडील कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडकडे लागले. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरला पोहोचला. खामगाव आणि अमरावती येथे कापसाचे मोठे बाजार उभे राहिले. जमिनीला भाव आला. आणि मोजून, नंबर घालून नावावर झालेली जमीन विकताही येऊ लागली, गहाणही टाकता येऊ लागली. कापसाचा भाव उतरला, पाऊस चुकला की शेतकरी सावकाराच्या दारी जाई आणि सातबाराच्या पूर्वजासारख्या त्या सरकारी उताऱ्यावर कर्ज काढी. प्रांत गहाण होता. आता प्रांतातील शेतेही एकेक करून गहाण पडू लागली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर कळस केला. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत साडेसत्तावीस लाखांवर आली.

कायद्याच्या दृष्टीने या लोकांची स्थिती चमत्कारिक होती. वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते. म्हणून कलकत्त्याच्या विधिमंडळाचा कायदा तेथे आपोआप लागू होत नसे. गव्हर्नर-जनरलच्या हुकमाने तो लागू करावा लागे. सभागृहात चर्चा नाही, विरोध नाही, केवळ हुकूम. अशाच हुकमांतून १८९६ ची वऱ्हाड जमीन महसूल संहिता आली आणि १८९७ चा कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. हा दुसरा कायदा बाजार समित्यांच्या इतिहासात हिंदुस्थानातील आरंभीचा म्हणून मान्यता पावला आहे; कारंजा येथील नियंत्रित बाजार तर त्याच्याही आधीचा, १८८६ चा. म्हणजे हुकमी कारभारातून काही चांगल्या गोष्टीही निपजल्या हे मान्य केले पाहिजे. पण ज्या वर्षी हा कायदा आला त्याच वर्षी अमरावतीस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन शंकरन् नायर यांच्या अध्यक्षतेखाली भरले, आणि कायद्याने निजामाची प्रजा असलेल्या वऱ्हाडकरांनी हिंदी राष्ट्राच्या प्रतिनिधींचे यजमानपद केले. कागद एक सांगत होता आणि मनुष्यांचे मन दुसरीकडे चालले होते.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने या प्रश्नाचा निकाल लावावयाचे ठरविले. दुष्काळानंतर शिल्लक उरण्याची आशा नव्हती. तेव्हा अनिश्चित शिलकेऐवजी दरसाल २५ लाख रुपये घ्यावेत आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने द्यावे, असे त्याने निजाम मीर महबूब अलीखान यांच्या गळी उतरविले. ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. निजामांना जी.सी.बी. हा किताब मिळाला, तेव्हा या तीन इंग्रजी अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड दिले’, असा लोकांनी लाविला. ज्या कंटिंजंटसाठी हे सर्व घडले ती फौज लवकरच हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज नाहीशी झाली, तारण मात्र उरले. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार नागपूरच्या चीफ कमिशनरकडे गेला आणि १९०५ मध्ये सहा जिल्ह्यांचे चार झाले; एलिचपूर आणि वाशीम हे जिल्हे मोडले. शतकापूर्वी वर्धेवर पडलेली भेग अशा रीतीने बुजली. पण बुजली ती हिंदी भाषिक जबलपूर, रायपूर यांच्यासह एका विस्तीर्ण प्रांतात. वऱ्हाडचा महसूल वऱ्हाडवर किती खर्च व्हावा हा वाद तेव्हापासून नागपूरच्या विधिमंडळात सुरू झाला. त्या मंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी निवडून येत. पण वऱ्हाड परकीय मुलूख असल्याने निवडलेल्यांची सरकारने पुन्हा नेमणूक करावी लागे.

मीर उस्मान अलीखान यांनी १९२३ मध्ये वऱ्हाड परत मागितले. त्यांच्या मागणीला लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ रोजी जे उत्तर दिले ते हिंदुस्थानच्या घटनात्मक इतिहासात प्रसिद्ध आहे. ब्रिटिश राजसत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. साऱ्या संस्थानांना लागू होणारे अधिसत्तेचे हे तत्त्व वऱ्हाडच्या प्रकरणात इतक्या उघडपणे मांडले गेले. दहा वर्षांनी स्वर पालटला. संघराज्यात निजामाने यावे म्हणून २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारात वऱ्हाडवरील त्यांचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले. निजामाच्या किताबात ‘आणि बेरार’ हे शब्द आले, युवराज आझमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाले, ब्रिटिश निशाणाच्या जोडीने निजामाचे निशाण फडकू लागले. प्रांताचे नाव ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असे झाले. राज्यकारभारात मात्र काडीचाही फरक पडला नाही.

फरक पडला तो लोकांच्या बाजूने. १ ऑक्टोबर १९३८ रोजी नागपूरच्या विधानसभेने मराठी जिल्ह्यांचा वेगळा महाविदर्भ प्रांत व्हावा असा ठराव केला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक आठवडा उरला असता, अकोल्यास पश्चिम महाराष्ट्रातील आणि महाविदर्भातील पुढारी एकत्र बसले व त्यांनी संयुक्त महाराष्ट्रातील विदर्भाच्या स्थानासंबंधी करार केला. वऱ्हाडच्या भवितव्यासंबंधीचे पूर्वीचे सारे महत्त्वाचे कागद सत्ताधीशांनी केले होते. येथे वऱ्हाडची माणसे स्वतः सही करणारा पक्ष होती. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादचा प्रश्न मिटला आणि निजामाचा दावा इतिहासजमा झाला. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. १९५५ मध्ये फाजलअली आयोगाने विदर्भाच्या वेगळ्या राज्याची शिफारस केली. ती न स्वीकारता १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९०५ मध्ये मोडलेला वाशीम जिल्हा १९९८ मध्ये पुन्हा अस्तित्वात आला. अचलपूरचा जिल्हा मात्र परतला नाही.

एवढ्याने हिशेब संपला असे मात्र नाही. १९८४ मध्ये वि. म. दांडेकर समितीने महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांच्या विकासातील तूट मोजली, आणि ‘अनुशेष’ हा शब्द विदर्भाच्या घराघरांत पोहोचला. १९९४ मध्ये विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष यांविषयी वाद झडत राहिले, आणि वेगळ्या राज्याची मागणीही वेळोवेळी उठत राहिली. ज्यांना हे वाद केवळ कुरकुर वाटतात त्यांनी १८६० चे ते कलम आठवावे. त्या कलमाने हिशेब मागण्याचा हक्क एका राजाकडून काढून घेतला होता. प्रजेला तो हक्क असू शकतो याचा विचारही त्यात नव्हता. आज हिशेब मागणारा त्याच काळ्या मातीत राबणारा मनुष्य आहे, आणि त्याला उत्तर देणे राज्यकर्त्यांना भाग आहे. सोन्याच्या कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या हाती पुरता आला की नाही, हे त्या उत्तरावरूनच ठरावयाचे आहे.